सादिलवार

अंदाजपत्रकाचे दिवस आले की वर्तमानपत्रांतून कोटींचा पाऊस पडू लागतो. अमुक कोटींचा रस्ता, तमुक कोटींची पाणीयोजना, इतक्या कोटींची तूट. मी हे आकडे इमानेइतबारे वाचते. पण खरे सांगायचे तर ते माझ्या मनात शिरत नाहीत. एक कोटी आणि दहा कोटी यांतला फरक मला देव आणि महादेव यांच्यातल्या फरकाइतकाच कळतो. दोघेही थोर, दोघांनाही लांबून नमस्कार! माझी समजूत जिथे सुरू होते तो पैसा निराळा. तो कचेरीतल्या कारकुनाच्या खणात असतो, नाहीतर ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात. त्यातून टाचण्या येतात, झाडू येतो, गेलेला दिवा बदलला जातो, तालुक्याहून अवचित आलेल्या पाहुण्याला चहा पाजला जातो. अंदाजपत्रकात त्याला एखादी ओळ मिळते, तीही बहुधा शेवटची. पण सरकारी मराठीने त्याला नाव मात्र मोठे देखणे दिले आहे. ते नाव म्हणजे सादिलवार.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्द हातात आला की तो उलटापालटा करून पाहण्याची खोड असते. हा शब्द तर मी लहानपणापासून ऐकत आले. पण तो 'सादा' या शब्दाचा कोणी लांबचा नातलग असावा, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. साधासुधा खर्च, म्हणून सादिल! पुढे कधीतरी सादिर आणि वारिद हे दोन अरबी शब्द भेटले. सादिर म्हणजे जाणारा, वारिद म्हणजे येणारा. अरबी मुलुखातल्या कचेऱ्यांत जावक आणि आवक टपालाला आजही हेच शब्द वापरतात. येणाऱ्याजाणाऱ्यापायी जो खर्च होतो तो सादिरवारिद, आणि मराठी जिभेवर घासून घासून त्याचा झाला सादिलवार, असा माझा तर्क आहे. पंडितांनी तो खोडून काढला तरी मी रागावणार नाही. कारण अर्थ तर नेमका तोच आहे. जुन्या गावगाड्यात 'गावखर्च' नावाचे एक खाते असे. मारुतीपुढच्या दिव्याचे तेल, गोसाव्याला किंवा फकिराला घातलेला शिधा, मुक्कामाला उतरलेल्या सरकारी स्वाराची वैरण, हे सारे त्यात पडे. गाव म्हटले की कोणीतरी येणार, कोणीतरी जाणार. आणि त्याची तोंडमिळवणी सगळ्यांनी मिळून करायची.

आमच्या मराठवाड्यात तर या हिशोबाला आणखी एक पीळ होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कागदावर साल फसली, ते सुरू व्हायचे ऑक्टोबरात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. आणि नाणे हाली सिक्क्याचे. इंग्रजी शंभर रुपयांना हाली सुमारे एकशेसोळा पडत. नांदेडचा व्यापारी सोलापूरला जाऊन आला की आधी आपल्या खिशातली चिल्लर निवडत बसे, असे माझे आजोबा सांगत. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, मुंबईकडचे कायदे आले, नमुने आले, मामलेदार आणि तहसीलदार एकाच खुर्चीत बसले. सादिलवार मात्र दोन्हीकडच्या दप्तरांत पाय रोवून राहिला तो राहिलाच.

हा किरकोळ पैसा चालतो कसा, ते फार थोड्यांना ठाऊक असते. ठाऊक असावे अशी त्याची रचना आहे. इतकी सोपी आणि इतकी चोख की, ज्याने ती प्रथम काढली त्याला मी तरी गणिती न म्हणता गृहिणीच म्हणेन. समजा, एखाद्या कचेरीला हजार रुपये नेमून दिले. याला म्हणायचे स्थायी अग्रिम. साहेबाने त्यातून लागेल तसा किरकोळ खर्च करायचा आणि प्रत्येक खर्चाची पावती त्याच डब्यात टाकायची. आता केव्हाही डबा उघडा. रोख तीनशेचाळीस असेल तर पावत्या सहाशेसाठच्या असल्याच पाहिजेत. रोख आणि पावत्या मिळून नेहमी हजार. डबा रिकामा होत आला की पावत्या वर पाठवायच्या, तितकीच रक्कम परत येते आणि पुन्हा हजाराचे हजार. याला प्रतिपूर्ती म्हणतात. मार्च अखेर आली की, 'माझ्यापाशी इतके रुपये आहेत,' अशी पोच साहेबाने द्यायची. आणि बदली झाली तर खुर्चीबरोबर हे हजार रुपयेही पुढच्याच्या हवाली करायचे. रक्कम कुणाचीच नाही, आणि ज्याच्या हाती आहे त्याची मान मात्र तिच्यात अडकलेली. महाराष्ट्रात या सगळ्याचे नियम १९६५ साली झाले. आकस्मिक खर्चाचे नियम! जो खर्च मुळात अकस्मात यायचा त्याचेही नियम ठरवून ठेवायचे, यात सरकारचा भाबडेपणा आहे की शहाणपण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या वह्यांमध्ये मला सगळ्यांत आवडते ती 'अक्षरी'. रकमेचा आकडा लिहिला की शेजारी तो शब्दांत लिहायचा. अक्षरी रुपये एकोणनव्वद फक्त. आकड्याच्या मागे कोणी एक शून्य चिकटवू शकतो, शब्दाच्या मागे ते जमत नाही. आणि तरीही कोणाची नियत फिरलीच तर दाराला अडसर घालावा तसे शेवटी 'फक्त'. जुने लोक 'मात्र' लिहीत. रुपये पाच मात्र. आमच्या भाषेतल्या अव्ययांपैकी प्रत्यक्ष चोर अडवण्याचे काम एवढ्या या दोघांनीच केले असेल! माझ्या वर्गातली मुले अलंकार ओळखतात, वृत्ते मोजतात. पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यामध्ये त्यांची गाडी हमखास रुळावरून घसरते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले तेव्हा महाराष्ट्रात केवढे रणकंदन माजले! मी त्या वेळी कोणाच्याच बाजूने बोलले नाही. मनात मात्र आले की, ग्रामपंचायतीची रोकडवही लिहिणाऱ्या माणसांना या वादात कोणी साक्षीला बोलावले असते तर बरे झाले असते.

ही माणसे मी फार जवळून पाहिली आहेत, कारण माझे वडील ग्रामसेवक होते. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. गावासाठी ते भाऊसाहेब. आज ग्रामपंचायतीला तेहेतीस नमुने असतात. २०११ च्या लेखासंहितेने ते नीट आखून दिले आहेत. पाचवा नमुना सामान्य रोकडवहीचा, आठवा कर आकारणीचा, तो तर घर असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी लागतोच, आणि अठरावा किरकोळ रोकडवहीचा. तेहेतिसावा, शेवटचा, वृक्ष नोंदवहीचा. ज्याने हिशोबाच्या यादीचा शेवट झाडांवर केला त्या अज्ञात अधिकाऱ्याविषयी मला आदर वाटतो. अण्णांच्या वेळी नमुने इतके नव्हते, पण त्यांचा जीव मात्र तेव्हाही किरकोळ रोकडवहीतच अडकलेला असे. मोठा हिशोब बँकेत असतो, तो बँक सांभाळते. लहान हिशोब आपल्याजवळ असतो, तो आपणच सांभाळायचा, असे ते म्हणत. रात्री जेवण झाले की कंदिलाशी बसून ते दिवसाची शिल्लक काढीत. चार आणे जुळले नाहीत तर आईला हाक मारीत, जणू ते तिनेच कुठे ठेवले आहेत!

१९९३ साली ते औसा तालुक्यातल्या एका लहानशा गावी होते आणि आम्ही मुले शिक्षणासाठी आईबरोबर लातूरला एका खोलीत. मी आठवीत होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. रात्री उशिरापर्यंत गणपतीच्या मिरवणुका चालल्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमच्या खोलीचे पत्रे वाजले, भांडी पडली, आणि आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो. उजाडेपर्यंत किल्लारीचे नाव सगळीकडे झाले होते. पुढचे सारे महाराष्ट्राला ठाऊक आहे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली, झोपेत.

अण्णांचे गाव किल्लारीपासून जरा बाजूला होते. तिथे गेलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण ज्या घरांतली गेली त्या घरांना ही मोजदाद काय कामाची? पंचायतीच्या खोलीची मागची भिंत कोसळली होती. अण्णांनी दोन पोरांना हाताशी घेऊन दगड बाजूला केले आणि डबा बाहेर काढला. त्यात ४१२ रुपये ५० पैसे होते. तालुक्याची मदत पोचायला वेळ होता, लष्कर यायला आणखी वेळ होता, आणि पावसाची चिन्हे दिसत होती. त्या सकाळी त्या गावात सरकार म्हणून जे काही होते ते एवढेच. एक ग्रामसेवक आणि ४१२ रुपये ५० पैसे!

त्यांनी त्यातून पांढरे कापड आणले. रॉकेल आणले. शेजारच्या गावाहून माणसे हात लावायला आली होती, त्यांच्यासाठी चहासाखर आणली. एका पोराला भाडे देऊन औशाला निरोप पाठवला. कापडाचे १६०, रॉकेलचे ४८, चहासाखरेचे ५५, भाड्याचे २४, मिळून २८७. पावती कोण देणार? ज्याच्या दुकानातून कापड आणले त्याच्या स्वतःच्या घरात प्रेत होते. अण्णांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या, खाली तारीख घातली, आणि ते कागद डब्यात टाकून कामाला लागले. चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. जेवले नाहीत. आधी बसून रोकडवही मिटवली. आई म्हणाली, "अहो, जग बुडालं आणि तुम्ही वही काय लिहिताय?" ते म्हणाले, "आज नाही लिहिली तर उद्या मला आठवणार नाही. आणि मला हे विसरायचंही नाही."

दोन वर्षांनी तपासणी झाली. आलेले गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी डब्याची कहाणी शांतपणे ऐकून घेतली, 'च् च्' केले, आणि शेरा लिहिला. प्रमाणक नाही, खर्च अमान्य, रक्कम वसूलपात्र. नियमाप्रमाणे त्यांना दुसरे काही लिहिताही आले नसते. मग वही मिटताना हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, एखादी पावती जोडा की. कुठलीही चालेल." गावातला कापडवाला तर कोरी पावतीच घेऊन आला. "तारीख तुमच्या हातानं घाला, सही मी करतो. मी काय खोटं सांगतोय का? कापड तर तुम्ही नेलंच होतं." खरेच होते ते. कापड नेले होते, पैसे दिले होते, पावतीतली रक्कमही खरी असती. खोटा असता तो फक्त कागद.

अण्णांनी ती घेतली नाही. त्यांनी पगारातून २८७ रुपये भरले आणि स्वतःच्याच नावाने स्वतःच पावती फाडली. आईने त्या महिन्यात दळणाचे पैसे उसने आणले होते. ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिचे म्हणणे साधे होते. पैसे गेले त्याचे तिला दुःख नव्हते, वहीत ते चोर ठरले याचे होते. दप्तर उघडून पाहणाऱ्या कोणाही परक्या माणसाला काय दिसणार? १९९३ साली भूकंप झाला, आणि त्या वेळच्या खर्चापोटी पुढे ग्रामसेवकाकडून २८७ रुपये वसूल झाले, एवढेच ना? आईला पटेल असे उत्तर अण्णांपाशी नव्हते. माझ्यापाशी आजही नाही. पुढे गावाने ग्रामसभेत त्यांच्या आभाराचा ठराव केला; पण ठराव एका वहीत असतो आणि वसुली दुसऱ्या. त्या दोन वह्यांची गाठ कधी पडत नाही.

लातूरने पुढे आणखी एक आपत्ती पाहिली, तिचा हिशोब मात्र आडवा-उभा झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात शहर कोरडे पडले. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करण्याची वेळ आली, आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची गाडी आली. 'जलदूत' तिचे नाव. माझी मामेबहीण तेव्हा लातुरात होती. तिच्या घरी घागरींची रांग कशी लावायची याचे वेळापत्रक भिंतीवर टांगलेले मी पाहिले आहे. मे महिन्यात रेल्वेने जिल्हाधिकाऱ्यांकडे सुमारे चार कोटींचे देयक पाठवले, तेव्हा लोक फार संतापले. तहानलेल्याला पाणी पाजून बिल? मला मात्र त्या संतापात सामील होता येईना. रेल्वेतही कोणीतरी एक अण्णा बसलेला असणार आणि त्याच्या वहीतले एक पान मिटायचे राहिले असणार, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत राहिले. देयक पाठवणे ही एक गोष्ट, ते वसूल करणे दुसरी.

हल्ली हे सगळे पार बदलले आहे. अण्णांचा डबा आज जवळजवळ राहिलेला नाही. वित्त आयोगाचा पैसा संगणकातून येतो, सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या जुळल्या की संगणकातूनच जातो. केंद्राच्या योजनांसाठी २०२१ पासून आणखी एक पद्धत आली. पैसा वर एकाच खात्यात राहतो, खाली सगळ्यांची खाती शून्य शिलकीची, आणि प्रत्येकाला फक्त खर्चाची मर्यादा दिलेली. यात तथ्य आहे, हे मी कबूल करते. पूर्वी हजारो खात्यांत पैसा नुसता पडून असे आणि सरकार दुसरीकडे व्याजाने कर्ज काढीत असे. कोणाही शहाण्या घरात हे चालले नसते.

पण माझी एक मैत्रीण लोहा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. आम्ही एम.ए.ला एका बाकावर बसत होतो. तिच्या शाळेचा पट ब्याऐंशीचा. समग्र शिक्षेच्या दराने अशा शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान पंचवीस हजार. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. याखेरीज शिक्षकांच्या वेतनावर होणाऱ्या खर्चाच्या चार टक्के रक्कम शाळांच्या सादिलासाठी असावी, असा जुना दंडक आहे. पाहा, हा शब्द अजून जिवंत आहे! 'सादिल मिळाला का?' असे शिक्षक एकमेकांना विचारतात, पाऊस झाला का असे शेतकरी विचारतात त्या सुरात. तो शाळेपर्यंत पोचतो कुठे, हे शिक्षक संघटना वर्षानुवर्षे विचारीत आल्या आहेत.

मागच्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला एक छोटी डायरी दाखवली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाची चकती, तीस रुपये. फिनेल. खडूचे दोन डबे. पडलेल्या मुलाला दवाखान्यात नेण्याचे रिक्षाभाडे. पंधरा ऑगस्टची दोरी. विजेचे बिल थकून जोडणी तोडायला आलेल्या माणसाच्या विनवण्या करून भरलेली अर्धी रक्कम. सगळे तिच्या फोनवरून, तिच्या पगारातून. वर्षाची बेरीज ३,८४० रुपये.

"मग हे अनुदानातून घेत का नाहीस?" मी विचारले.

"नळवाला संगणकावर नाव नोंदवील का? त्याला तीस रुपये हवेत, तेही आत्ता. त्याच्याकडे पावती नाही, जीएसटी नाही, बँकेचं खातं आहे पण त्याचा नंबर त्याच्या लेकाला पाठ. आणि मुली काय, प्रमाणक येईपर्यंत थांबणार आहेत?"

मला वाटते, दुखणे इथेच आहे. खरा किरकोळ खर्च अशा ठिकाणी होतो जिथे पावतीपुस्तक नसते. हातगाडीवर, झाडाखाली, पहाटे. ज्याला पैसा खायचा आहे त्याची फाईल मात्र कशी पाहण्यासारखी असते! तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, शिक्का, सही, सगळे जिथल्या तिथे. नियम कडक करत नेले की सचोटीचा माणूस हळूहळू खर्च करणे सोडून देतो, नाहीतर पदरमोड करू लागतो. माझी मैत्रीण पदरमोड करते. तिच्या शेजारच्या शाळेतले गुरुजी खर्च करणे सोडून बसले आहेत, आणि तिथला नळ अजून ठिबकतो आहे. मी तिला म्हटले, ही डायरी जपून ठेव. ती हसली. "कशाला? अण्णांच्या पावतीसारखी?" तिला ती गोष्ट माहीत आहे.

आता थोडे फिरत्या पैशाविषयी. किरकोळ पैसा खर्च होऊन भरून येतो. फिरता पैसा खर्च होतच नाही, तो नुसता एका हातून दुसऱ्या हाती जातो. ग्रामपंचायतींच्या कायद्यात असा एक निधी पूर्वीपासून आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला शेकडा पाव रुपया जिल्हा ग्रामविकास निधीत घालायचा, आणि ज्या गावाला बाजारगाळे किंवा कचेरी बांधायची असेल त्याने त्यातून कर्ज घेऊन फेडायचे. एका गावाच्या गाळ्यांचे भाडे आले की दुसऱ्या गावाचा पाया खोदला जातो. कल्पना इतकी गोड आहे की तिच्यावर कोणी बोलत नाही. लोक बोलतात ते बचत गटांच्या फिरत्या निधीविषयी. खेड्यांतल्या गटांना तो पंधरा हजार मिळे, २०२३ साली राज्याने तीस हजार केला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा गट नांदेड शहरातला. बारा जणी. महिन्याला शंभर रुपये बचत, कर्जाला महिना शेकडा दोन व्याज, आणि काही वर्षांपूर्वी मिळालेला दहा हजारांचा फिरता निधी. पेटीला तीन कुलपे, तीन किल्ल्या तीन घरी. एक जण आजारी पडली तर पेटी उघडत नाही. त्यांची वही लिहिणारी मुलगी लग्न होऊन परभणीला गेली, तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी मराठीच्या. दोन-चार बैठका लिहून द्या, तवर आमची दुसरी पोरगी तयार होती." अशी मी एका गटाची हंगामी कारकून झाले.

दुसऱ्याच बैठकीत प्रसंग आला. एकीच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि शनिवारपर्यंत आठ हजार भरायचे होते. पेटीत निघाले ५,३००. निधी फिरता खरा, पण तो एका ठिकाणी अडला होता. एका बाईंकडे सहा हजार होते. त्यांच्या नवऱ्याचा ऑटो कर्जवाल्यांनी ओढून नेला होता आणि चार हप्ते आले नव्हते. त्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. बैठकीला न येण्याची सवलत त्यांनी स्वतःला दिली नव्हती, हे माझ्या लक्षात आले.

मला वाटले होते, आता भांडण होईल. तसे थोडे झालेही. "आमच्या वेळेला कोण थांबलं होतं?" असे कोणीतरी बोलले. मग बराच वेळ कोणी काहीच बोलेना. शेवटी दोघी उठल्या आणि पुढच्या महिन्याचे आपापले हजाराचे हप्ते आजच भरते म्हणाल्या. ५,३०० चे ७,३०० झाले. कोपऱ्यातल्या बाईंनी कमरेची पिशवी सोडून पाचशेची एक नोट काढली. ती किती वेळा घडी घातलेली होती, ते सांगता येणार नाही. ७,८००. राहिले दोनशे. मी माझी पर्स उघडली, तर मावशींनी हाताने थांबवले. "तुमी सभासद न्हाई की मॅडम. तुमचं कुठल्या खात्याला लिवायचं?" मला उत्तर आले नाही. वही, पेन, झेरॉक्स यांसाठी दोनशे रुपये वेगळे काढून ठेवलेले होते. तेच त्यांनी घातले. गटाचा सारा सादिल गेला!

मी इतिवृत्त लिहायला घेतले. नवे कर्ज लिहिले, जमा हप्ते लिहिले, आणि मग रीतीप्रमाणे लिहू लागले: थकबाकीदार सभासद, श्रीमती... त्या बाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत असावे.

"मॅडम, तेवढं थकबाकीदार लिवू नका. बाकी हाय, असं लिवा. बाकी तर हायच की."

मी इतर जणींकडे पाहिले. कोणी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मावशी किल्ल्या मोजीत होत्या. मी तो शब्द एका रेघेने खोडला, खोडल्याची सही केली, आणि वर लिहिले: बाकी रुपये ५,५००, अक्षरी रुपये पाच हजार पाचशे फक्त.

शनिवारी प्रवेशाचे पैसे भरले गेले. पुढच्या बैठकीला त्या बाई पाचशे आणणार होत्या, तीनशे घेऊन आल्या. नवी वही अजून आली नव्हती, म्हणून जुनीच्या शेवटच्या पानावर लिहावे लागले.